कुंडलिकेच्या खाडीत एक दिवस

आम्हां पेणकरांना घरातून समुद्र दिसत नाही. परंतु त्याचे येणेजाणे आमच्या अंगवळणी पडलेले असते. गावाच्या पश्चिमेस खारेपाट सुरू होतो. भाताची खाचरे, खाऱ्या पाण्यास अडविणारे मातीचे बांध, अधूनमधून मिठागरे, आणि या सर्वांच्या पलीकडे धरमतरची खाडी. भरतीचे पाणी अहोरात्रात दोन वेळा तिच्या फाट्याफाट्यांतून आत येते आणि दोन वेळा चिखल उघडा टाकून परत जाते. तिथीची पाऊणपट केली असता भरतीचा तास निघतो, हे गणित आम्हांला शाळेत जाण्यापूर्वीच येत असे. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. हिशेब ढोबळ खरा. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जसजसे वर जावे तसतशी भरती उशिराने पोहोचते. तरी एवढ्या हिशेबावर खाडीकाठच्या पिढ्यान् पिढ्यांनी आपली गलबते हाकारली आहेत.

माझ्या आजोबांच्या काळी मुंबईस जाणे म्हणजे धरमतरला जाऊन आगबोट गाठणे. आज पेणच्या गणेशमूर्ती देशोदेशी जातात. परंतु त्या मोटारीने व आगगाडीने जातात. अंतोऱ्याचे बंदर कोणीकडे, असे गावातील एखाद्या मुलास विचारले तर तो गोंधळून पाहतो. आम्ही खाडीकडे पाठ फिरविली आहे, आणि मीही त्याला अपवाद नव्हतो. प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे गणित शिकविले, वडिलांकडून मिळालेले संस्कृत जमेल तसे जपले. परंतु मॅट्रिकच्या पलीकडे जसे माझे शिक्षण गेले नाही, तसाच गुडघाभर पाण्याच्या पलीकडे मी कधी गेलो नव्हतो. पोहणे मला येत नाही. गेल्या मार्गशीर्षात जो प्रसंग घडला, तो सांगताना ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

रोह्याच्या खाली कुंडलिकेच्या काठी एका गावात माझा एक जुना विद्यार्थी राहतो. मी काही वर्षे रोहे तालुक्यात नोकरीस होतो तेव्हा तो माझ्या वर्गात होता. त्याचा एके दिवशी दूरध्वनी आला. "गुरुजी, होडीला मशीन लावलंय. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. दोन महिने झाले. तुमचं ते ऐकतील." एकाच घरात, एकाच चुलीवरचे अन्न जेवणारे बाप आणि लेक दोन महिने परस्परांशी अबोला धरून आहेत, हे ऐकून मला चैन पडेना. जाण्याचे ठरविले.

पेणहून रोह्यास आगगाडी कासू, नागोठणे, निडी अशी स्थानके घेत जाते. हा लोहमार्ग रोह्यापर्यंत १९८६ साली पोहोचला, आणि पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली ती येथूनच सुरू झाली. वाटेतील नागोठणे हे अंबा नदीवरचे एके काळचे नामांकित बंदर. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे इंग्रज महाबळेश्वरास निघाले म्हणजे नावेने नागोठण्यापर्यंत येत आणि तेथून महाडच्या वाटेने घाट चढत. गाडीच्या खिडकीतून पाहताना त्या वैभवाची खूण काही सापडत नाही.

रोहे गाव कुंडलिकेच्या तीरावर वसले आहे आणि समोरच्या तीरावर अष्टमी. येथील ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीस दसऱ्याच्या उत्सवात पोलिसांची सशस्त्र सलामी मिळते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांना रोहेकर आपले मानतात. नदीची कथाही ऐकण्यासारखी आहे. मुळशीच्या धरणात अडविलेले घाटमाथ्यावरचे पाणी डोंगर उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते आणि तेथून कुंडलिकेत सुटते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाचे हे पाणी. त्यामुळे कोकणातील इतर नद्या वैशाखात कोरड्या पडल्या तरी कुंडलिका वाहती असते. रोह्याच्या खाली तिची खाडी होते आणि कोर्लई व रेवदंडा यांच्यामध्ये ती समुद्रास मिळते.

दुसऱ्या दिवशी द्वादशी होती. भरती समुद्रकाठी नऊस, म्हणजे विद्यार्थ्याच्या गावी दहाच्या सुमारास. मी पोहोचलो तेव्हा पाणी बांधापर्यंत चढले होते आणि होडी काठाशी डुलत होती.

ही होडी साडेसोळा फूट लांब, म्हणजे आपल्या जुन्या मापाने अकरा हात. भोजराजाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथात नौकांचे प्रकार मापांसह दिले आहेत. त्यांतील सर्वांत लहान जी 'क्षुद्रा', तीसुद्धा सोळा हातांची आहे. तेव्हा आमची होडी क्षुद्रेहूनही क्षुद्र! परंतु ती म्हाताऱ्याने आपल्या तरुणपणी स्वतः उभी राहून बांधून घेतलेली. डोलकाठी होडीच्या मध्यावर, नाळेकडे किंचित कललेली. तिला तिरके परभाण आणि त्यावर तिकोनी शीड. आणि पिछाडीस, सुकाणूच्या शेजारी, नवे आलेले ते यंत्र.

ज्या वाचकांनी असे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मोठ्या नौकांचे इंजिन पोटात असते. हे मात्र बाहेर, पिछाडीच्या आडव्या फळीवर शिकंज्याने अडकविलेले असते. वर डोके, खाली लांब पाय आणि पायाच्या टोकाशी पंखा. उचलून खांद्यावर नेता येते. नॉर्वेत जन्मलेल्या ओल एव्हिनरूड नावाच्या अमेरिकन कारागिराने १९०९ च्या सुमारास अशी यंत्रे विकावयास आरंभ केला आणि पुढे ती जगभर पसरली. माझ्या विद्यार्थ्याने पाच अश्वशक्तीचे जुने यंत्र कर्ज काढून घेतले होते. त्याचे वजन पंचवीस किलो.

ते त्याने हौसेने घेतले नव्हते. मागच्या वर्षी ओहोटीच्या वेळी वारा पडला असता त्याचा धाकटा भाऊ तापाने फणफणलेला होडीतच चार तास अडकून पडला होता. तेव्हापासून त्याने पैसे साठविले. हे ऐकल्यावर म्हाताऱ्याचा राग मला हट्टीपणाचा वाटला. 'जुन्या माणसांना नवे सोसत नाही' असा निष्कर्ष मी मनात काढून ठेवला आणि योग्य वेळी चार शब्द सुनावण्याचे ठरविले.

होडीत चढताना माझा मोठा मान झाला. विद्यार्थ्याने घोंगडी चौपदरी घालून पिछाडीस, आपल्याशेजारी, माझी बैठक मांडली. तो स्वतः यंत्राचा दांडा धरून बसला. पेट्रोलचा डबा आमच्या पायांशी. म्हातारा कोणाशी न बोलता मध्ये, डोलकाठीला टेकून बसला. सकाळचा मतलई वारा पडत आला होता. दोरी ओढताच यंत्र गर्जले आणि आम्ही ओहोटीबरोबर निघालो.

दोन्ही तीरांवर खारफुटीची झाडी, चिखलात एका पायावर उभे असलेले बगळे, दूरवर डोंगरांची निळी रांग. देखावा रम्य होता. परंतु मला समोरचे पाणी दिसेना, कारण नाळ आकाशाकडे गेली होती. "वेग आला म्हणजे असंच होतं, गुरुजी," असे विद्यार्थी ओरडून म्हणाला आणि त्याने यंत्राचा कान आणखी पिळला. नाळ आणखी वर गेली. वेग मात्र वाढल्यासारखा वाटला नाही.

तासाभराने समोर जाळ्यांचे खुंट दिसले. जाळ्यात पंखा अडकेल या भीतीने त्याने यंत्र एकाएकी मंद केले. होडी थबकली, पण तिच्या मागून तिनेच उठविलेली लाट येत होती, ती थबकली नाही. ती सरळ पिछाडीवरून आत आली. क्षणात आमचे पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. माझी छत्री तरंगू लागली, पेट्रोलचा डबा कलंडला, यंत्र गुदमरल्यासारखे करून बंद पडले. पाणी आत आल्याने पिछाडी अधिकच खाली गेली आणि दुसरी लाट काठ शोधू लागली. मी घाबरून उठावयास गेलो.

"मास्तर, उभं राहू नका!" दोन तासांत म्हाताऱ्याचा हा पहिला शब्द. "रांगत या. फुडं या. माझ्याही फुडं."

मी धोतर पाण्यात भिजवीत, गुडघ्यांवर रांगत, डोलकाठीच्या पलीकडे गेलो. मी जसजसा पुढे सरकलो तसतशी पिछाडी वर आली. हे मला डोळ्यांनी दिसले. दुसरी लाट फळीवर आपटून फुटली, आत आली नाही. म्हाताऱ्याने कापलेल्या डब्याने पाणी उपसले, मुलाने वल्हे घेतले आणि आम्ही एका रेताड काठाला लागलो. किती वेळ कोणी बोलले नाही. माझे हात थरथरत होते.

थोड्या वेळाने म्हातारा माझ्याकडे पाहून म्हणाला, "ह्यानं नीरम काढून फेकलं, मास्तर. मशीन आणलं म्हणून मी बोललो नव्हतो."

नीरम म्हणजे नावेच्या तळाशी घातलेले वजन. शिडाच्या होडीस वारा एका बाजूस लोटीत असतो. तळाशी दगड असले म्हणजे ती पुन्हा सरळ होते. या होडीतही दगड होते. "मशीनचं पंचवीस किलो आलं, म्हणून तेवढं वजन कमी केलं, गुरुजी," विद्यार्थी खालच्या आवाजात म्हणाला. इतकेच नव्हे तर डोलकाठी व परभाण काढून विकण्याचाही त्याचा विचार होता. वजन आले, वजन काढले. बेरीज-वजाबाकीच्या दृष्टीने त्याचे काही चुकले नव्हते. परंतु जे आले ते उंच आणि अगदी टोकाला. जे गेले ते खोल आणि मध्यावर. शिवाय यंत्राचा पाय आखूड पडत होता, म्हणून त्याने पिछाडीची फळी चार बोटे कापली होती. लाटेस दार त्यानेच करून दिले होते.

मी एक काटकी घेतली आणि ओल्या वाळूवर हिशेब मांडला. होडीचा मध्य हा टेकू समजावा. खरे पाहता नावेचा टेकू तरफेसारखा स्थिर नसतो, ती पाण्यात जशी बसेल तसा तो थोडा सरकतो. पण अदमासास एवढे पुरे. यंत्र पंचवीस किलो, मध्यापासून सव्वादोन मीटर मागे: गुणाकार ५६. विद्यार्थी पासष्ट किलो, पावणेदोन मीटर मागे: ११४. पेट्रोलचा डबा दहा किलो, दोन मीटर मागे: २०. आणि आमची स्वारी सत्तर किलो, दीड मीटर मागे: १०५. एकूण २९५, सर्व मागच्या बाजूस. पुढच्या बाजूस शून्य.

आकडे पाहून मी थांबलो. ज्या यंत्रावरून घरात अबोला पडला होता, त्याचा वाटा फक्त ५६. माझ्या मानाच्या बैठकीचा वाटा त्याच्या जवळजवळ दुप्पट! भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त व्यस्त त्रैराशिक आहे: एक राशी वाढली की दुसरी त्याच प्रमाणात घटते. निम्मे वजन दुप्पट अंतरावर ठेवले तर तोल तोच राहतो. हे गणित मी चौतीस वर्षे फळ्यावर पहारीचे चित्र काढून शिकविले. माझ्या या विद्यार्थ्यास त्यात पैकीच्या पैकी गुण होते. खाडीकाठच्या मुलांना ते शिकविताना मी एकदाही होडीचे चित्र काढले नव्हते. त्या वाळूवर बसून मला याची लाज वाटली, आणि मी ती दोघांपाशी बोलून दाखविली. म्हातारा हसला. "आमी आकडे नाय केले कधी. नाळ वर दिसली की मानसाला फुडं घ्यायचं, एवढंच."

मग कामास लागलो. पस्तीस किलोंचे दगड नाळेच्या बाजूस, मध्यापासून एक मीटर साठ सेंटिमीटरवर ठेवले तर गुणाकार ५६ येतो. म्हणजे यंत्राची पुरती भरपाई. दगड म्हाताऱ्याने निवडले. गोल दगड त्याने एकही घेतला नाही. चपटे घेऊन फळ्यांच्या बेचक्यांत ठोकून बसविले, कारण घरंगळणारा दगड नसलेल्या दगडाहून वाईट. पेट्रोलचा डबा मध्यावर आणून बांधला. यंत्राच्या दांड्यास बांबूचा तुकडा जोडला, त्यामुळे विद्यार्थी मध्यापासून नव्वद सेंटिमीटरवर बसू शकला: ५८. मी डोलकाठीच्या पुढे पाऊण मीटरवर: ५२. मागे ११४, पुढे १०८. होडी पाण्यावर ताटासारखी बसली.

आडवा तोल अजून राहिला होता. मध्यावर सुकाणू असल्यामुळे यंत्र चाळीस सेंटिमीटर एका बाजूस होते. त्याने होडी त्या अंगास कलत असे. म्हाताऱ्याने वीतभरही नाही इतके दुसऱ्या बाजूस सरकून बसताच ती सरळ झाली. पुढे हिशेब केला तेव्हा साठ किलोंच्या माणसास सतरा सेंटिमीटर सरकणे पुरेसे आहे असे निघाले. पण त्याला ते आधीच ठाऊक होते.

दुपारी तीनच्या पुढे पाणी फिरले. भरती वर येऊ लागली आणि तिच्याबरोबर समुद्रावरून खारा वारा सुटला. म्हाताऱ्याने मुलाकडे न पाहता म्हटले, "मशीन वर घे. पंखा पाण्यात लोंबत राहिला तर होडी अडते." दोन महिन्यांतील हे पहिले वाक्य. मुलाने यंत्र कलते करून पंखा पाण्याबाहेर घेतला, बापाने परभाण चढविले, शीड भरले. सकाळी ज्या वाटेवर कानठळ्या बसल्या होत्या, तीच वाट आम्ही पाण्याच्या खळखळाटाखेरीज दुसरा आवाज न ऐकता परत केली. वारा, भरती आणि घर ही तिन्ही एकाच दिशेस होती. या खाडीत पूर्वजांनी सकाळी मतलईवर जावे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतावे, ही सोय निसर्गानेच करून ठेवलेली आहे. ती चुकते तेव्हाच यंत्राची गरज.

शेवटचा अर्धा मैल वारा आडवा झाला, तेव्हा म्हाताऱ्याने आपण होऊन सांगितले, "लाव आता मशीन." विद्यार्थ्याने बेताचा वेग ठेवला. एवढ्या लांबीची होडी ताशी नऊदहा किलोमीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. त्यापुढे कितीही पेट्रोल जाळले तरी वेग न वाढता लाट वाढते आणि पिछाडी तिच्या खड्ड्यात बसते. म्हणून शेजाऱ्याने दहा अश्वशक्तीचे घेतले तर आपण पंधराचे घ्यावे, या चढाओढीत काही अर्थ नाही. आणि यंत्र मंद करावयाचे ते हळूहळू, आपल्याच लाटेस पुढे निघून जाण्यास अवकाश देऊन.

रात्री जेवणे झाल्यावर बापलेक कंदिलाशी बसून पुढचे ठरवू लागले. कापलेली फळी पुन्हा पुरी करावयाची. यंत्रासाठी बाहेरच्या अंगास खाली उतरणारा लाकडी ठोकळा बसवावयाचा, म्हणजे पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाखाली इंचभर राहील. पट्टी वर राहिली तर पंखा हवा घोटतो आणि नुसताच फिरतो. फार खाली गेली तर यंत्राचे डोके पाण्याजवळ येते. पुढेमागे यंत्र बदलावयाचे झाले तर पंधरा इंची पायाचे न घेता वीस इंची पायाचे घ्यावे, कारण शिडाच्या होडीची पिछाडी लाटेवर वरखाली होत असते. शिकंजा सैल झाला तरी यंत्र तळाशी जाऊ नये म्हणून एक दोर होडीस बांधावयाचा. घरातल्या प्रत्येकासाठी लाईफ जॅकेट घ्यावयाचे. ही अट माझी. डोलकाठी विकण्याची गोष्ट कोणी काढली नाही.

मी 'चार शब्द सुनावण्यास' गेलो होतो ते तसेच परत घेऊन आलो. त्यांची गरज पडली नाही. पडली असती तर ते चुकीच्या माणसास सुनावले गेले असते.

परवा माघात पुन्हा दूरध्वनी आला. होडी नीट चालली आहे. मी भीत भीत विचारले, "बाबा येतात का होडीतून?" विद्यार्थी हसला. "येतात ना. माल नसला की दगडांच्या अलीकडे नाळेत जाऊन बसतात. म्हणतात, आता माझी जागा इथं. मी तुझं नीरम."